केबल सहाचीच, मग मोटर का जळली?

विहीर रोहित्राजवळच्या मीटरपेटीपासून २८० मीटरवर. विहिरीत साडेसात एचपीची थ्री-फेज ओपनवेल पाणबुडी मोटर, नेमप्लेटवर ४१५ व्होल्ट, १४ अँपिअर. डीओएल स्टार्टर (मोटरीला थेट पूर्ण व्होल्टेज देऊन सुरू करणारा) विहिरीकाठच्या खोपीत, म्हणजे लांब केबलच्या पलीकडच्या टोकाला. पेटी ते स्टार्टर ६ चौ. मिमीची तीन पदरी तांब्याची केबल होती. एके रात्री ती चोरीला गेली. हंगाम ऐन पाण्याचा, म्हणून त्याच आठवड्यात नवी केबल पडली. ती ॲल्युमिनियमची होती, पण मापाने तीच, ‘सहाची’. तीन आठवड्यांत मोटर जळाली.

(विहीर नमुन्याची धरली आहे. अंतर किंवा एचपी बदलले की आकडे बदलतील, हिशोबाची रीत तीच राहील.)

मोटर जळण्याआधी चार खुणा दिसल्या होत्या. दुपारी मोटर सुरू व्हायची, संध्याकाळी आजूबाजूच्या विहिरी चालू झाल्या की स्टार्टर नुसता खडखडायचा. सुरू झालीच तर ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर तोडणारी) अर्ध्या तासात पाडायची, म्हणजे मोटर बंद करायची. मग कुणीतरी रिलेची अँपिअरची चकती १४ वरून २० वर फिरवली आणि पाडणे थांबले. चौथी खूण वासाची. मीटरपेटी उघडली की जळक्या टेपचा वास यायचा. दोष या चौथ्या खुणेत होता, पण पहिल्या तीन समजल्याशिवाय चौथी कळत नाही.

आधी धातूंचा हिशोब

एक मीटर लांब आणि एक चौ. मिमी छेदाची तार घेतली तर तिचा रोध २० अंश सेल्सिअसला असा भरतो: चांदी ०.०१६ ओहम, विजेच्या कामाचे तांबे ०.०१७२, सोने ०.०२४, विजेच्या कामाचे ॲल्युमिनियम ०.०२८२, पितळ ०.०६ च्या आसपास, शुद्ध लोखंड ०.१, शिसे ०.२ हून थोडे जास्त, शेगडीच्या कॉइलमधले नायक्रोम १.१. म्हणजे चांदी तांब्यापेक्षा जेमतेम सहा-सात टक्क्यांनी पुढे, आणि सोने तांब्याच्या मागे. कनेक्टरवर सोन्याचा मुलामा देतात तो सोने गंजत नाही म्हणून, ते जास्त वीज वाहते म्हणून नाही.

तांब्याला शंभर मानून बाकीच्या धातूंची टक्केवारी सांगण्याची पद्धत १९१३ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरली. तिच्यात केबलचे ॲल्युमिनियम ६१ टक्क्यांवर बसते. हा आकडा पाहून वाटेल की ॲल्युमिनियममध्ये मोकळे इलेक्ट्रॉन कमी असतील. उलट आहे. तांब्याचा प्रत्येक अणू एक इलेक्ट्रॉन मोकळा सोडतो, ॲल्युमिनियमचा तीन. तेवढ्याच आकारमानात ॲल्युमिनियममध्ये मोकळे इलेक्ट्रॉन तांब्याच्या दुपटीहून जास्त असतात. पण ते लवकर अडखळतात. दोन धडकांमधला वेळ तांब्यात बराच जास्त मिळतो, म्हणून तांबे पुढे. चांदीत तर तांब्यापेक्षाही कमी मोकळे इलेक्ट्रॉन आहेत, फक्त त्यांना वाट मोकळी मिळते.

अडखळणे वाढवायला फार काही लागत नाही. तांब्यात फॉस्फरसचा अगदी थोडा अंश, टक्क्याचा काही शतांश, मिसळला तरी वाहकता पाचवा हिस्सा कमी होते. भंगार वितळवून केलेल्या ‘तांब्याच्या’ वायरीत आणि नीट शुद्ध केलेल्या तांब्यात फरक पडतो तो इथे. तापमानही अडखळणे वाढवते. तांबे असो वा ॲल्युमिनियम, दर अंशाला रोध सुमारे ०.४ टक्क्याने चढतो. उन्हात पडलेल्या, भार घेतलेल्या केबलचा धातू ५० अंशांवर गेला की २० अंशांच्या आकड्यात १२ टक्के मिळवायचे.

वजनाच्या बाजूने मात्र पारडे फिरते. तांब्याची घनता ८.८९, ॲल्युमिनियमची २.७०. एका किलोत किती वीज वाहते असे विचारले तर ॲल्युमिनियम तांब्याच्या दुप्पट भरते. खांबांवरून गेलेल्या तारा तांब्याच्या नसतात त्याचे कारण हेच. लाइनमन ज्यांना ‘वीझल’, ‘रॅबिट’, ‘डॉग’ म्हणतात त्या तारांत बाहेरचे पदर ॲल्युमिनियमचे आणि मधला गाभा पोलादाचा असतो. पोलाद ताण सोसते, वीज जवळपास सगळी बाहेरून जाते. तेव्हा ॲल्युमिनियम हलक्या प्रतीचे, असा सरसकट निकाल चुकीचा आहे. या विहिरीवरची चूक धातू बदलण्याची नव्हती. धातू बदलला आणि माप तेच ठेवले, ही होती.

२८० मीटरवर सहाच्या केबलचे काय होते

मोटर चालू असताना पेटीत ३९५ व्होल्ट मिळतात असे धरू. पॉवर फॅक्टर, म्हणजे करंटचा प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा, ०.८. थ्री-फेजमध्ये केबलमधली घट म्हणजे १.७३ गुणिले करंट गुणिले एका पदराचा रोध गुणिले पॉवर फॅक्टर. एक गोष्ट लक्षात ठेवायची. व्होल्टेज पडले की पंप काम कमी करत नाही, मोटर जास्त करंट ओढते. त्यामुळे करंट १४ वर थांबत नाही.

| केबल | एका पदराचा रोध (५० अंश) | मोटरीला मिळणारे व्होल्ट | करंट | केबलमध्ये जळणारी वीज |
|---|---|---|---|---|
| तांबे ६ | ०.९० ओहम | ३७६ | १५.५ अँ. | ६४० वॅट |
| ॲल्युमिनियम ६ | १.४७ ओहम | ३६२ | १६ अँ. | ११४० वॅट |
| ॲल्युमिनियम १० | ०.८८ ओहम | ३७६ | १५.५ अँ. | ६३० वॅट |
| ॲल्युमिनियम १६ | ०.५५ ओहम | ३८३ | १५.२ अँ. | ३८० वॅट |

चालू मोटरीपुरते पाहिले तर तांब्याच्या सहाला आणि ॲल्युमिनियमच्या सहाला १४ व्होल्टचाच फरक दिसतो. एवढ्याने काय होते, असे वाटणे साहजिक आहे. १४ अँपिअरची मोटर १६ वर चालली म्हणजे वेटोळ्यातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, जवळजवळ ३० टक्के. १४ वर लावलेली रिले पाडणारच. ती बरोबर काम करत होती आणि तिलाच गप्प केले गेले.

खडखडण्याचे कारण स्टार्टच्या क्षणात आहे. डीओएलवर मोटर सुरू होताना पूर्ण भाराच्या सुमारे सहापट करंट मागते. संध्याकाळी त्या क्षणी पेटीत ३७० व्होल्ट असतील, तर तांब्याच्या जुन्या केबलीवर स्टार्टरपाशी ३१५ व्होल्ट उरत, म्हणजे ४१५ च्या ७६ टक्के. ॲल्युमिनियमच्या सहावर उरतात २८३, म्हणजे ६८ टक्के. काँटॅक्टरची (स्टार्टरमधल्या, चुंबकाने लागणाऱ्या स्विचची) कॉइल ८५ टक्क्यांवर ओढली जाण्याची हमी असते आणि एकदा ओढली की ७५ टक्क्यांपर्यंत धरून ठेवण्याची. ७५ च्या खाली ती केव्हाही सुटू शकते. जुनी केबल या उंबरठ्याच्या अगदी कडेला उभी होती, नवी आत घसरली. कॉइल ओढते, मोटर करंट मागते, व्होल्टेज पडते, कॉइल सोडते, व्होल्टेज परत चढते, कॉइल पुन्हा ओढते. हे सेकंदात कित्येकदा होते, म्हणून खडखड. प्रत्येक खडखडीत काँटॅक्टरच्या चांदीमिश्रित टिकल्यांवर ठिणगी पडते आणि त्या झिजतात. शिवाय सुरू होण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. ६८ टक्के व्होल्टेजला मोटरीकडे ४६ टक्केच जोर उरतो.

वीजबिलात यातले काही दिसत नाही. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात मोफत वीज आहे, त्यामुळे केबलमध्ये जळलेल्या किलोवॅटभर विजेचा कुणी हिशोब विचारत नाही. तो मोटरीला चुकवावा लागतो.

जळालेली मोटर काय सांगते

मोटर खोलून वेटोळे पाहिले की निम्मे निदान तिथेच होते. कमी व्होल्टेजवर सतत जास्त भार ओढून मोटर जळाली असेल, तर तिन्ही फेजची वेटोळी सारखी करपतात. एक फेज तुटून दोनावर चालली असेल, तर करपणे असमान असते: मोटर डेल्टामध्ये (वेटोळी त्रिकोणात जोडलेली) असेल तर एका फेजची वेटोळी काळी आणि दोन बऱ्यापैकी शाबूत, स्टारमध्ये (तिन्हींचे एकेक टोक एकत्र बांधलेले) असेल तर दोन काळ्या आणि एक शाबूत. या डेल्टा मोटरीत एकाच फेजची वेटोळी कोळसा झालेली होती. म्हणजे केबलचे अपुरे माप त्रास देत होते, पण शेवटचा घाव फेज तुटण्याचा.

फेज तुटली ती पेटीत. फ्यूजपासून आलेले तांब्याचे मीटरभर शेपूट आणि नवी ॲल्युमिनियमची केबल एकमेकांना पिळा मारून, वर टेप गुंडाळून जोडलेली होती. तिन्ही पदर तसेच.

दुसरी मोटर बसवून भार दिला आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून प्रत्येक जोडाच्या दोन बाजूंना टोके टेकवली, तर असे सांधे लगेच बोलतात. (चालू लाइनवर हे काम आहे. रबरी हातमोजे, कोरडी लाकडी फळी, आणि वायरमन नसेल तर करूच नये.) चांगल्या क्रिंप (दाबून चेपलेल्या) जोडावर १६ अँपिअरला काही मिलिव्होल्ट दिसतात. बिघडू लागलेल्या पिळ्यावर १.८ व्होल्ट दिसले असे धरा. २८० मीटर केबलमधल्या घटीपुढे हा आकडा क्षुल्लक आहे आणि स्टार्टरपाशी व्होल्टमीटर लावून तो कधीच सापडणार नाही. पण १.८ गुणिले १६ म्हणजे २९ वॅट. केबलमध्ये जळणारे ११४० वॅट २८० मीटर लांबीवर पसरतात, मीटरला चार वॅट, हाताला कोमट लागते. हे २९ वॅट अंगठ्याएवढ्या जागेत साठतात. रेडिओ दुरुस्तीवाल्याचे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते, आणि ते टेपमध्ये गुंडाळून कुणी पेटीत ठेवत नाही.

तांबे-ॲल्युमिनियमचा पिळा का बिघडतो

ॲल्युमिनियम सोलून उघडे केले की हवेतला ऑक्सिजन क्षणात त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा थर बांधतो. हा थर अतिशय चिवट आणि जवळजवळ पूर्ण विजेरोधक असतो. तांब्यावरही गंज येतो, पण तो इतका आडमुठा नसतो. पिळा मारताना थर जागोजाग फुटतो आणि त्या मोजक्या ठिपक्यांतून वीज जाते. सुरुवातीला जोड ठीक वाटतो तो या ठिपक्यांच्या जोरावर.

मग भार आला की तापणे, बंद झाले की निवणे. आठ तासांच्या थ्री-फेजवर चालणाऱ्या मोटरीत हे रोज होते. ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त फुगते, आणि मऊ असल्याने दाबाखाली हळूहळू सरकते. फुगताना चेपते, निवताना मागे येत नाही. जोड सैल पडतो, ठिपके कमी होतात, उरलेले जास्त तापतात, नवा थर चढतो. पुढे हे चक्र आपोआप वेग घेते.

त्यात पेटीतला दमटपणा. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल म्हणजे छोटासा सेलच. तांबे आणि ॲल्युमिनियम यांच्या प्रमाण विभवांत दोन व्होल्टचे अंतर आहे आणि झिजते ते ॲल्युमिनियम. तांब्यावरून ओघळलेले पाणी तांब्याचे क्षार घेऊन ॲल्युमिनियमवर पडले तर ते खड्डे पाडते. म्हणून पेटीत दोन्ही धातू असतील तर ॲल्युमिनियम वर आणि तांबे खाली ठेवतात, उलट कधी नाही.

स्टार्टरच्या पितळी टर्मिनलकडे कुणी बोट दाखवेल. पितळ तांब्याच्या पाव हिश्शाएवढेच वाहते, तर तिथे अडथळा का नाही? कारण तो तुकडा सेंटिमीटरभर लांब आणि ३० चौ. मिमी जाड आहे. त्याचा रोध ओहमच्या एक लाखाव्या भागांत मोजावा लागतो. धातू बऱ्यापैकी वाईट असला तरी आखूड आणि जाड असेल तर चालतो. सांध्याचे तसे नाही. तिथली अडचण धातूच्या रोधाची नसून त्यावरच्या थराची आहे, आणि तो थर केबल जाड करून जात नाही.

पितळी टर्मिनलमध्ये स्क्रूखाली ॲल्युमिनियमचे नुसते पदर दाबले तर मात्र तोच त्रास. स्क्रू आज कसला, महिन्याने अर्धा फेरा सैल. इथे पेटीतल्या मधल्या फेजचा पिळा आधी गेला. उरलेल्या दोन फेजमधला करंट १६ वरून २७ च्या पुढे चढला. १४ वर असती तर रिलेने मिनिट-दोन मिनिटांत पाडले असते. २० वर फिरवलेल्या रिलेला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात वेटोळे संपते. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारा) स्टार्टरमध्ये होता, पण त्याची वायर काढून ठेवलेली होती. कमी-जास्त व्होल्टेजला तो सारखा पाडतो म्हणून ती काढण्याची सवय गावोगाव आहे.

पुन्हा बांधणी

तांब्याच्या सहाच्या बरोबरीला यायचे तर ॲल्युमिनियमचे माप १.६४ पट हवे, म्हणजे ९.८. बाजारातले १०. पण जुनी केबलसुद्धा उंबरठ्यावरच होती, म्हणून १६ घ्यावी. संध्याकाळच्या ३७० व्होल्टवर स्टार्टच्या क्षणी १६ च्या केबलीतून ३३६ व्होल्ट मिळतात, ८१ टक्के. एकदा ओढलेली कॉइल धरून राहते. तीन पदरांचा धातू मिळून ३६ किलो ॲल्युमिनियम लागते, तांब्याचे सहाचे ४५ किलो होते. पैशाचा फरक याहून मोठा, आणि चोराला ॲल्युमिनियममध्ये रस कमी, हा फायदा वेगळा.

केबल घेताना तपासणी एका मिनिटाची आहे. तांब्याची म्हणून जे मिळते त्यात वर तांब्याचा पातळ मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असलेली वायर सर्रास असते. एक पदर ब्लेडने तिरका कापा. आत पांढरा दिसला की मुलामाच. नाहीतर वजन करा: ६ चौ. मिमीच्या एका पदराचा मीटरभर धातू शुद्ध तांब्याचा ५३ ग्रॅम भरतो, ॲल्युमिनियमचा १६, दहा टक्के तांब्याच्या मुलाम्याचा २० ग्रॅम.

जोडासाठी बायमेटल थिंबल, म्हणजे केबलच्या टोकावर चेपून बसवायचा दोन धातूंचा तुकडा, लागतो. त्याची नळी ॲल्युमिनियमची आणि पुढची जीभ तांब्याची असते, दोन्ही कारखान्यातच घर्षणाने एकजीव केलेली. तांब्याच्या साध्या थिंबलात ॲल्युमिनियम घालून चेपू नये, वर कथिलाचा मुलामा असला तरी. केबल सोलताना चाकू पेन्सिल तासल्यासारखा तिरका चालवायचा. गोल फिरवला तर पदरावर खाच पडते आणि पुढे तिथेच तुटते. उघडे ॲल्युमिनियम फक्त त्याच कामाला ठेवलेल्या स्टीलच्या ब्रशने घासायचे. तांब्याला लागलेला ब्रश वापरला तर तांब्याचे कण ॲल्युमिनियमवर राहतात. घासल्या घासल्या ॲल्युमिनियमच्या जोडाचे ग्रीस लावायचे, किंवा ग्रीस लावूनच घासायचे, म्हणजे नवा थर चढायला हवाच मिळत नाही. पदर नळीच्या तळापर्यंत जायला हवा. १६ च्या षटकोनी डायने जिभेकडून सुरुवात करून केबलकडे चेपत यायचे. पक्कडीने किंवा हातोडीने चेपलेला थिंबल फार दिवस टिकत नाही.

थिंबलची जीभ पेटीत फ्यूजच्या बोल्टला आणि स्टार्टरच्या टर्मिनलला, खाली स्प्रिंग वॉशर घालून. किटकॅटमध्ये (चिनीमातीच्या फ्यूजमध्ये) फ्यूज वायरच घालायची. तिथे ॲल्युमिनियमचा उरलेला पदर घातलेला आढळतो, आणि तो किती अँपिअरला वितळेल हे घालणाऱ्यालाही सांगता येत नाही.

रिले पहिल्यांदा चालू करंट मोजून लावायची. क्लँप मीटरवर १५ दिसले तर नेमप्लेटच्या १४ पेक्षा फार वर जायचे नाही. तरीही पाडत असेल तर व्होल्टेज किंवा पंप तपासायचा, चकती नाही. प्रिव्हेंटर परत जोडायचा.

अर्थिंगला वेगळा हिशोब

याच विहिरीवर अर्थिंगची तार गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची होती आणि तीही तांब्याची करावी का, असा प्रश्न येतोच. तारेवर खर्च करण्यात अर्थ नाही. तारेचे लोखंड शुद्ध नसते, ते तांब्याच्या सात-आठ पट रोध करते, पण अर्थिंगची तार काही मीटरच असते. तिथला खरा अडथळा माती. ३ मीटर खोल, ४० मिमीचा पाइप ओल्या काळ्या मातीत, जिची रोधकता १० ओहम-मीटर धरली, ३ ओहमच्या आत येतो. तोच पाइप कोरड्या मुरमात, ३०० ओहम-मीटर धरून, ८५ ओहमच्या वर जातो. मग मोटरीच्या बॉडीवर फेज आली तर २३० व्होल्टला जेमतेम पावणेतीन अँपिअर जमिनीत जातील. फ्यूज उडणार नाही आणि बॉडी जिवंत राहील. विहिरीच्या पाण्याची रोधकता तांब्याच्या कोट्यवधी पट असते, तरी जीव घ्यायला पन्नास-शंभर मिलिअँपिअर पुरतात आणि तेवढे पाणी सहज वाहून नेते. कोळसा-मीठ घालून आणि पाणी ओतून आकडा उतरतो, पण मीठ दोन पावसाळ्यांत धुऊन जाते आणि पाइपही खाते. मुरमाड जमिनीत अर्थ-लीकेज ब्रेकरला (जमिनीत करंट गळला की लाइन तोडणाऱ्या) पर्याय नाही.

भार दिल्यावर आठ दिवसांनी आणि मग महिन्याने, मोटर अर्धा तास चालवून, सहाही जोडांवरचे मिलिव्होल्ट घ्यावेत आणि पेटीच्या झाकणाच्या आत खडूने लिहून ठेवावेत. तिन्ही फेजचे आकडे जवळपास सारखे हवेत. एक फेज इतरांच्या दुप्पट दिसली की वास यायच्या आधी तो थिंबल कापून नवा घालायचा. चेपलेल्यावर पुन्हा चेपून उपयोग नसतो.

काढलेली सहाची ॲल्युमिनियमची केबल वाया जात नाही. पेटीपासून ८० मीटरवरच्या शेततळ्यावर ३ एचपीची, ६ अँपिअरची मोटर असेल तर तिच्यावर साडेतीन व्होल्टच पडतात. टोके मात्र तिथेही बायमेटल थिंबलानेच बांधायची.